दगडी वस्तीतली आमची भिंत

१९९८, मार्चमधला शेवटचा मंगळवार. दुपारचे तीन वाजले होते आणि मला आमच्या दाराशेजारची भिंत घासून काढायची होती. दोन मीटर रुंद, माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच. आदल्या दिवशी मी कामावर असताना आईने तिला चुना लावला होता. गुरुवारी नगरपालिकेचा माणूस पाहणीला येणार होता. माझ्याजवळ तारेचा ब्रश, रबरी हातमोजे, दोन बादल्या आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून आणलेला ॲसिडचा डबा होता. पाचपर्यंत काम उरकेल असा माझा अंदाज होता.

साडेचारलाच उरकलं. त्या दीड तासामुळे आईचं घर गेलं.

यरुशलेममधल्या ज्या वस्तीत आम्ही राहत होतो, तिची चित्रं आता पोस्टकार्डांवर असतात. दगडी घरं, लाल कौलं, कमानीच्या खिडक्या, हिरव्या रंगाची लोखंडी दारं. गल्ल्या इतक्या अरुंद की गाडी आत येत नाही. आमच्या चौकात पाच दारं होती, मध्ये पावसाच्या पाण्याचं जुनं टाकं, त्यावर लोखंडी झाकण, आणि कोपऱ्यात डाळिंबाचं झाड. भिंती दोन-दोन फूट जाड होत्या. ऑगस्टमध्ये बाहेर ऊन नुसतं भाजत असायचं आणि आत शिरलं की खांद्यावर काहीतरी घ्यावंसं वाटायचं. गल्लीतल्या फरशीवर पाऊल वाजलं की कोण येतंय ते दार न उघडता कळे. शुक्रवारी दुपारनंतर सगळा चौक धुतलेला असायचा, पाच घरांतून पाच प्रकारचे वास यायचे, आणि मग एकदम शांत. तिथं राहण्याचं सुख खरं होतं. ते कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

हिवाळ्यात मात्र त्याच भिंती ओल धरायच्या. कपाटामागे काळी बुरशी यायची आणि रॉकेलच्या शेगडीने डोकं चढायचं. संडास अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत चौकात होता. पोस्टकार्डावर हे नसतं.

आम्ही मुंबईहून इस्रायलला आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सरकारने आधी अरादला घर दिलं. वाळवंटातलं नवं गाव, सगळं सरळ रेषेत, झाड शोधावं लागे. बाबांना ते मानवलं नाही. दोन वर्षांनी त्यांना यरुशलेममध्ये बेकरीत काम मिळालं आणि या वस्तीत दोन खोल्या मिळाल्या. व्यवहार मुंबईच्या पागडीसारखाच. एकरकमी पैसे द्यायचे, मग नाममात्र भाडं, आणि मालक काढू शकत नाही. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. मुंबईत तिचा अर्धा जन्म पागडीच्या खोलीत गेला होता. बाबा गेल्यावर भाडेकरू म्हणून तिचं नाव लागलं. तिच्यानंतर हक्क संपणार होता. माझ्याकडे येणार नव्हता, हे मला माहीत होतं. मी नवरा वारल्यावर तिच्याकडे राहायला आले होते, ती फक्त मुलगी म्हणून. म्हणजे गोष्ट सरळ होती. आई जिवंत आहे तोवर घर तिचं. कायद्याने तिला बाहेर काढण्याचे रस्ते मोजकेच होते. त्यांतला एक म्हणजे भाडेकरूने इमारतीचं मुद्दाम नुकसान करणं.

आम्ही आलो तेव्हा वस्ती गरिबांची होती. कुर्दिस्तानातून आलेले, येमेनहून आलेले, आणि आम्ही एकटे कोकणातले यहुदी. शेजारच्या दारात एक कुर्दी म्हातारी राहायची. तिची आणि आईची अठ्ठावीस वर्षांची सोबत. दोघींची हिब्रू मोडकी, पण दोन वेगळ्या ठिकाणी मोडलेली, त्यामुळे त्यांचं एकमेकींना समजायचं आणि तिसऱ्याला नाही. संध्याकाळी टाक्याच्या कडेला बसून भाजी निवडायच्या. म्हातारी तिच्या दाराच्या चौकटीला निळा रंग द्यायची, नजर लागू नये म्हणून. आई पेसाहच्या, म्हणजे आमच्या वसंतातल्या मोठ्या सणाच्या आधी चुना लावायची.

हे आमच्याकडचं. आईचं गाव अलिबागजवळ. तिथं पेसाहला तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायची, घर झाडून काढायचं आणि आतून-बाहेरून चुना मारायचा, हे तिच्या आईने केलं आणि आजीनेही केलं. इतर यहुदी लोक सणाआधी घरातला पावाचा शेवटचा कण शोधून काढतात, तसं आई करायचीच, पण तिच्या लेखी चुना लागल्याशिवाय घर सणाचं होत नव्हतं. शेवटी ओला पंजा दाराच्या वरच्या दगडावर उठवायची. गावी तो बकऱ्याच्या रक्ताचा असे, कागदावर. इथे चुन्याचा. बाबा होते तोवर तिला स्टुलावर तेच चढवायचे. कोणी कधी हरकत घेतली नाही. त्या काळी त्या वस्तीच्या भिंतींकडे कोण बघत होतं.

नव्वदनंतर बघायला लागले. आधी मोजमाप करणारे आले, मग परांच्या बांधल्या गेल्या. दगड पाण्याच्या फवाऱ्याने धुतले, सांधे नव्याने भरले, पत्र्याची छपरं काढली, वायरी जमिनीखाली घातल्या, जुन्या घाटाचे दिवे लावले. गल्लीच्या तोंडाशी पाटी आली. काम चांगलं केलं होतं, उगाच नाव ठेवण्यात अर्थ नाही. धुतल्यावर दगडाचा खरा रंग दिसला. गुलाबीसर पिवळा, संध्याकाळी तर आतून दिवा लावल्यासारखा. पण वस्ती सुधारली तशी माणसं गेली. पाच दारांपैकी तीन विकली गेली. वरच्या मजल्यावर एक परदेशी जोडपं आलं, ते वर्षातून दोनदा सुट्टीला यायचं. मग वाटाडे यायला लागले, मागे वीस-पंचवीस पर्यटक. आमच्या दारासमोर थांबून या वस्तीत पूर्वी कसे साधे लोक राहत असत ते सांगायचे. आत आई बांगडे तळत असायची. एकदा एकाने तिचा फोटो काढला. ती मला म्हणाली, "त्यांना सांग गो, भिंत धुवून काढली तशी मला पण काढा. मी पण जुनीच आहे." मी सांगितलं नाही. मला कामावर जायचं होतं.

भाषांतर करणं हे माझ्याकडे होतं. दवाखाना, बँक, सरकारी कचेरी, सगळीकडे आई मराठीत बोलायची आणि मी हिब्रूत सांगायची. तिला बाजारापुरती हिब्रू येत होती, पण साहेबलोकांसमोर ती मराठीशिवाय बोलत नसे. तिचं बोलणं पाल्हाळाचं. पोट दुखतं हे सांगायला ती तीन दिवसांपूर्वी काय खाल्लं तिथून सुरू करायची. मी मुद्द्याचं तेवढं सांगायची. उलट दिशेनेही तेच. डॉक्टर दहा वाक्यं बोलला की मी आईला दोन सांगायची. वेळ वाचायचा आणि काही बिघडायचंही नाही.

वस्ती जतन करण्याचं काम संपल्यावर नगरपालिकेचं दोन पानी पत्र आलं. मी ते वाचलं आणि आईला सांगितलं की बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, डबे-कुंड्या ठेवायच्या नाहीत, पत्रा ठोकायचा नाही. पत्रात बाहेरच्या भिंतीला रंग किंवा दुसरा कसलाही लेप देऊ नये असंही होतं. ते मी वाचलं होतं. सांगितलं नाही. आम्ही कुठे रंग देतो, असं वाटलं. चुना माझ्या डोक्यातही आला नाही. मधली तीन-चार वर्षं आईने फक्त आतून चुना मारला होता, कारण गुडघे धरले होते. त्या वर्षी तिला बरं वाटत होतं.

सोमवारी मी घरी आले तर भिंत पांढरीफेक. आई दारात हात धूत उभी. दाराच्या वर पंजा. स्टुलावर चढली कशी हे विचारलं तर म्हणाली, कुर्दी म्हातारीने धरलं होतं. दोघींची वयं मिळून दीडशेच्या पुढे. मी चिडले. पत्राचं सांगितलं. ती म्हणाली, "मला कोणी सांगितलं न्हाय." ते खरं होतं.

गुरुवारची पाहणी ठरलेली होती, सगळ्याच चौकांची. मी विचार केला की एका दिवसात हे नाहीसं करायचं. मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करत होते, बारा वर्षं. यरुशलेमचं पाणी जड, मोठ्या पातेल्यांत आणि वाफेच्या यंत्रांत पांढरा थर बसतो. तो काढायला आम्ही ॲसिड वापरायचो. पाच मिनिटांत धातू लख्ख. तो थर म्हणजे चुनाच, हे मला माहीत होतं. मंगळवारी निघताना मी भांडारातला एक डबा पिशवीत घातला. कोणाला विचारलं नाही. त्याच महिन्यात माझी नोकरी पक्की करायची की नाही हे ठरायचं होतं. बारा वर्षं मला तात्पुरती म्हणूनच ठेवलं होतं. हा डबा मी परत भरून ठेवणार होते.

आई स्टूल घेऊन चौकात बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"पाण्यानं जाईल ते," ती म्हणाली. "काथ्या घे आणि पाणी मार. उरलंसुरलं दोन पावसात जाईल."

"गुरुवारी येणार आहेत. पाऊस कुठला आणू?"

"तो डबा काय आहे?"

"कामावरचं औषध आहे."

"चुन्याला औषध कशाला गो? चुना आहे तो, खरूज न्हाय."

शेजारची म्हातारी तिच्या दारातून हे बघत होती. समजलं नसलं तरी हसली. मी हातमोजे चढवले आणि सुरुवात केली.

ॲसिड लागताच भिंत फसफसली. चुना फेस होऊन खाली आला. मला बरं वाटलं. मी आणखी ओतलं आणि ब्रशने रगडलं. फेस येतच राहिला. मला वाटलं, अजून चुना आहे. तो चुना नव्हता, तो दगड होता. इथला दगडही चुन्याच्याच जातीचा, हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. पातेलं धातूचं असतं म्हणून थर जातो आणि पातेलं उरतं. मी भिंतीला पातेलं समजले. शेवटी वरचा पंजा काढला. तो निघायला वेळ लागला, कारण दगड तिथे खडबडीत होता. मी स्टुलावर चढून तारेच्या ब्रशने खरडला.

भिंत ओली होती तोवर ठीक दिसत होती. बुधवारी सकाळी वाळली. हिरवट पिवळे ओघळ वरून खालपर्यंत उतरले होते. दगडाची पाठ देवीच्या व्रणांसारखी खडबडीत झाली होती. नव्याने भरलेले सांधे बोट जाईल इतके खाल्ले गेले होते. दाराची लोखंडी चौकट गंजून तिचा तांबडा रंग दगडात उतरला होता. जिथे पंजा होता तिथे दगडाचा टवका गेला होता. बाजूच्या चौकातली भिंत गुलाबी आणि आमची अशी. मी बादलीभर पाणी मारून पाहिलं. पाण्याने काय होणार. कामाची वेळ झाली होती, मी गेले.

गुरुवारी मी रजा घेतली. पाहणीला आलेला माणूस तिशीतला, सभ्य, गळ्यात कॅमेरा. तो चौकात आला. भिंतीजवळ गेला, बोटाने दगड खरवडला, बोट बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं की हे काय आहे. मी म्हटलं, चुना लागला होता, तो काढला. तो म्हणाला की चुन्याचं काही नव्हतं. नुसत्या चुन्यासाठी त्याने एक पत्र दिलं असतं आणि त्यांची माणसं पाण्याने धुवून गेली असती. दगडाला चुन्याने काही होत नाही. हे ॲसिड आहे आणि हे आता परत येणार नाही. दगड बदलावे लागतील, आणि तसे दगड आता कापत नाहीत.

मग त्याने हातातल्या पाटीवर कागद लावला आणि आईला विचारलं, हे कोणी केलं?

प्रश्न सोपा होता, तिला समजला. पण ती माझ्याकडे वळून मराठीत बोलली.

"चुना मी लावला. सणाचा लावतात आमच्यात. घासला तो हिनं, कामावरचं औषध आणून. मी पाण्यानं कर म्हटलं होतं."

तो पेन धरून माझ्याकडे बघत होता. मी हिब्रूत सांगितलं, "ती म्हणते, चुना तिने लावला. सणाची रीत आहे. मग काढायला गेली."

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं असं नाही. डबा, भांडार, नोकरी पक्की करणारी समिती, हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. आणि असंही आलं की त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला कोण काय करणार आहे. फार तर समज देतील. हे मी तेव्हा खरंच मानलं. इतक्या वर्षांत मी तिची हजार वाक्यं कापली होती, हे आणखी एक. त्याने आईचं नाव लिहिलं, ओळखपत्राचा नंबर घेतला, भिंतीचे सहा-सात फोटो काढले. आईने सही केली. चहा घेणार का, एवढं त्याला विचारलं, हिब्रूत. तो नको म्हणाला.

त्या वर्षीचा पेसाह नेहमीसारखा झाला. भाऊ पेताह तिक्वाहून बायकोमुलांना घेऊन आला. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, तिथल्या एका कारखान्यात यंत्रं सांभाळतो. दाराशी थांबून त्याने भिंत पाहिली आणि आईला म्हणाला, काय हे, तुला काही समजतं की नाही. आई म्हणाली, या वयात काय समजणार. मी सूप वाढत होते. त्याची मुलं आजीशी हिब्रूत बोलत होती आणि ती त्यांना मराठीत उत्तरं देत होती.

मे महिन्यात मालकाच्या वकिलाचं पत्र आलं. मूळ मालक कधीच वारला होता, त्याचा वारस परदेशात होता. जुन्या भाडेकरूसकट घर विकलं जात नाही, आणि रिकामं झालं तर त्याच्यावर उड्या पडतात. तो कित्येक वर्षं आईच्या मरणाची वाट बघत होता, त्यात वैर काही नव्हतं. आता नगरपालिकेच्या कागदावर आईची सही होती. भाडेकरूने जतन केलेल्या इमारतीचं स्वतःच्या हाताने, पूर्वी लेखी सूचना मिळाली असताना, नुकसान केलं. घर रिकामं करून मागितलं होतं.

गरिबांना मोफत वकील मिळतो, तसा आम्हाला मिळाला. वकीलबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण चोख. तिने सगळे कागद वाचले आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. आईने स्वतः केलं असेल तर बाजू कमजोर आहे. दुसऱ्या कोणी, तिला न विचारता केलं असेल तर भाडेकरूचा दोष नाही, आणि घर जवळजवळ नक्की वाचतं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं की ॲसिड आईने स्वतः आणलं का, त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि स्वतः ओतलं का.

मी हो म्हटलं.

"नक्की?"

"ती फार कामसू आहे," मी म्हटलं.

वकीलबाईने ते लिहून घेतलं. याला भाषांतराचं कारण नव्हतं. हे मी माझ्या तोंडाने, माझ्या हिब्रूत सांगितलं.

घरी आले तेव्हा शेजारची म्हातारी टाक्याच्या कडेला भेंडी निवडत होती. तिला सगळी हकीकत कळली होती. ती मला म्हणाली की तिने जे पाहिलं ते पाहिलं आहे. कोणी विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर आपण होऊन सांगायला जाणार नाही, तुझं तू बघ. मी तिला म्हटलं, आजी, कोणी विचारणार नाही. आणि कोणी विचारलं नाही. तिचं नाव मी वकीलबाईला दिलंच नाही.

जूनमध्ये माझी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं. आईने गोड पोहे केले. त्या दिवशी सांगता आलं असतं. पक्क्या माणसाला काढणं अवघड असतं, पण चोरीवरून काढता येतं, असं मी स्वतःला सांगितलं. जुलैत मालकाच्या वकिलाने तडजोडीचा मसुदा पाठवला. ऑगस्टमध्ये कोर्टाची पहिली तारीख पुढे गेली. सप्टेंबरात भावाने त्याच्या घरातली मागची खोली रिकामी केली. चौथा मजला, पण लिफ्ट होती, दवाखाना समोर. त्याचं म्हणणं होतं की असंही तिथं थंडीत तिचे गुडघे धरतात, मग भांडायचं कशाला. आई म्हणायची, गुडघे माझे आहेत. तिला जायचं नव्हतं. तिने ते मला, भावाला, वकीलबाईला, म्हातारीला, सगळ्यांना सांगितलं. वकीलबाईला ती म्हणाली की तिला इथेच मरू दे, फार वेळ लावणार नाही. हे मी पूर्ण सांगितलं. वकीलबाईने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली की सहीचा कागद समोर असताना न्यायाधीश काय करेल याची खात्री ती देऊ शकत नाही. हरलो तर नुकसानीचा खर्चही अंगावर येईल. तडजोड केली तर तो माफ होईल. आईने मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, तडजोड कर.

सही डिसेंबरात, हनुक्काच्या सणाच्या आठवड्यात ठरली. आदल्या दिवशी दुपारी मी आणि आई भांडी बांधत होतो. तांब्याची घंगाळं, पितळेचे डबे, वाटण्याचा दगड. भावाच्या स्वयंपाकघरात त्यांना जागा नव्हती, पण ती सोडायला तयार नव्हती. मी वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि ती दोरी धरून होती. बाहेर पाऊस होता.

"उद्या तिथं सगळं वाच हां," ती म्हणाली. "गाळू नको."

"मी काय गाळते?"

"त्या पाहणीच्या फोटोवाल्याला अर्धंच सांगितलंस."

मी गाठ मारत होते. मारून झाली तरी दोरी सोडली नाही.

"तुला कळलं होतं?"

"अठ्ठावीस वरसं बाजार कोण करतंय? तेवढी हिब्रू येते मला."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"वाटलं, उद्या सांगशील." तिने दुसरा डबा पुढे सरकवला. "मग वाटलं, परवा सांगशील."

"आई, अजून वेळ आहे. उद्या सही करायच्या आधी मी वकीलबाईला सांगते."

"आता कशाला? भावानं तुझ्या खाट घेतली. दोघींतल्या एकीला तरी कामावर जायचं आहे. कागद घट्ट भर, डबा वाजतोय."

मी कागद घट्ट भरला. पुढे आम्ही भांड्यांबद्दलच बोललो. कोणतं आधी काढायचं, कोणतं आडवं ठेवायचं नाही. पाचच्या सुमाराला म्हातारी येऊन बसली आणि दोघी त्यांच्या त्या हिब्रूत बोलत राहिल्या. मी त्यात पडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आम्ही वकीलबाईच्या कचेरीत होतो. भाऊ गाडी लावायला गेला. वकीलबाईने सहा पानं पुढे ठेवली आणि म्हणाली की आईला मुख्य मुद्दे समजावून सांगा. मी म्हटलं, सगळंच वाचते. मी एकेक ओळ वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. तारखा, खोल्यांचं वर्णन, चौक वापरण्याचा हक्क सोडत असल्याचं कलम, चाव्या कधी द्यायच्या. तिसऱ्या पानावर होतं, भाडेकरूने स्वतःच्या हाताने केलेल्या नुकसानीमुळे. तेही मी तसंच सांगितलं आणि थांबले. मी वकीलबाईकडे पाहिलं. ती घड्याळाकडे बघत होती. आई म्हणाली, "पुढे वाच."

मी पुढे वाचलं. पाऊण तास लागला. आईने मराठीत सही केली, सावकाश, शिरोरेघ ओढून. तिच्या सहीखाली आणखी एक ओळ होती, माझ्यासाठी. वरील मजकूर मी सही करणाऱ्या व्यक्तीला तिच्या भाषेत पूर्णपणे आणि खरेपणाने समजावून सांगितला आहे. मी खाली सही केली. भाऊ आईला घेऊन पेताह तिक्वाला गेला. मी कोपऱ्यावरून बस पकडली आणि वॉर्डांच्या जेवणाच्या गाड्या निघायच्या आत कामावर पोहोचले.